तिसऱ्यांदा विचारल्यावर

माझ्या माहेरी एखादा पाहुणा पहिल्या झटक्यात चहाला हो म्हणाला, तर आई आत येऊन हळूच सांगायची, "भुकेजलेला दिसतो बाप्पा, पोहे भिजव." पाहुण्यानं आधी नको म्हणायचं. आपण पुन्हा विचारायचं. त्यानं चपला शोधत परत नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग त्यानं "बरं, अर्धा कप," म्हणत बूड टेकायचं. नागपूरच्या पुढे संत्र्याच्या बागांमधलं आमचं गाव, आणि तिथे हे कुणी कुणाला शिकवत नाही. माझा नवरा पुण्याचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आला, ताटातल्या जिलबीला एकदा नको म्हणाला आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, विषय संपला! माझ्या मामानं त्याला जी जिलबी भरवली, ती त्याला अजून आठवते.

अमेरिकेत फ्रीमाँटला आल्यावर मात्र मी सुधारले. इथे नको म्हणजे नको. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी "आय अ‍ॅम गुड" म्हणालं की डबा पुढे सरकवायचा नाही, तो आगाऊपणा होतो. सुरुवातीला मी स्वतः अशा किती ठिकाणी उपाशी राहिले! नको म्हणायचे आणि वाट बघत बसायचे, तर समोरचा खुशाल प्लेट घेऊन पुढे गेलेला असायचा. डोकं फिरायचं माझं. पण माणूस शिकतो.

आमच्या टाउनहाउसला लागून, एका भिंतीपलीकडे काकू राहायच्या. काकू म्हणजे आपल्यातल्या नव्हेत, आयर्लंडच्या. वय ऐंशीच्या पुढे, केस कापसासारखे, पाठ ताठ. पती जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात चुकून त्यांच्याकडे गेलेलं आमचं पार्सल घेऊन त्या दारात आल्या. मी सवयीनं म्हटलं, "चहा घ्या ना."

"नको नको, तुझी कामं असतील."

इथल्या रीतीनं मी तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या नको म्हणून निघाल्या नाहीत. दाराची चौकट धरून, आमच्या तुळशीकडे बघत उभ्या राहिल्या. अगदी आमच्या गावच्या मावशीसारख्या! मी पुन्हा विचारलं. "कशाला उगाच त्रास," त्या म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा म्हटलं, "अहो, आधण ठेवलंय, या आत." आणि काकू आल्या, बसल्या, आलं घातलेला चहा दोन कप प्यायल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "या देशात आल्यापासून मला तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नव्हतं गं. किती घरांतून मी घसा कोरडा घेऊन परत आलेय, तुला सांगते." आम्ही दोघी इतक्या हसलो की वरून मीटिंगमधून नवऱ्याचा मेसेज आला, म्यूट करता येईल का म्हणून.

त्यांच्याकडेही तसंच होतं! पहिल्या विचारण्यात हो म्हटलं तर ते पोर हावरट ठरायचं. हजारो मैलांवरची ही बाई आणि मी एकाच घरात वाढल्यासारखं मला वाटलं. माझ्या मुलांनी त्यांना आजी करून टाकलं, मी काकू म्हणत राहिले. दोन्ही हाका त्यांनी आपल्या मानल्या.

मग गप्पांतून त्यांचं गाव मला पाठ झालं. समुद्राकडेची थोडीशी जमीन, गाई, बटाटे. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवायची आणि वर्षभर चुलीत जाळायची, आमच्याकडे गोवऱ्या लावतात तशी. गवत कापणीला सगळा गाव एकेकाच्या शेतात उतरायचा. पण एवढ्याशा जमिनीवर एकच घर चालायचं. ती थोरल्या भावाकडे राहिली, बाकीची भावंडं एकामागून एक जहाजावर चढली. काकू सगळ्यात शेवटी. त्यांच्याकडे अमेरिकेला जाणाऱ्या माणसासाठी आदल्या संध्याकाळी घरी माणसं जमायची, मयताला जमतात तशी. गाणी म्हणायची, नाचायची आणि रडायची. जिवंत माणसाला समोर बसवून! "कारण गेलेलं कुणी परत यायचं नाही," काकू म्हणाल्या. सकाळी त्यांचा भाऊ त्यांची पेटी घेऊन रस्त्याच्या वळणापर्यंत आला. तिथून पुढे मोटार होती. तो वळणावर उभा राहिला, हात न हलवता. काकूंनी मागच्या काचेतून पाहिलं, तो दिसेनासा होईपर्यंत. ऐकताना मला आमचा दादा आठवला. बाग त्याच्याकडे, मी इकडे. नागपूरच्या विमानतळावर तोही असाच खांबासारखा उभा राहतो, मेला.

त्यानंतर काकू एकदाच गावी गेल्या होत्या, आई गेली तेव्हा. पुढे संसार, हॉस्पिटलच्या किचनमधली नोकरी, नवऱ्याचं आजारपण. भावानं लग्नच केलं नाही. दर रविवारी सकाळी काकू त्यांना फोन करायच्या, भिंतीतून मला त्यांचं मोठ्यानं बोलणं ऐकू यायचं. पाऊस, गाई, कोण गेलं.

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी काकू आमच्याकडे आल्या आणि पहिल्याच विचारण्यात चहाला हो म्हणाल्या. काहीतरी बिनसलं होतं. मी चहा टाकून त्यांच्या समोर बसले.

त्यांच्या भावाचे गुडघे गेले होते. गाई शेजाऱ्यांनी सांभाळायला नेल्या होत्या. उन्हाळा संपला की घर बंद करून ते तालुक्याच्या वृद्धाश्रमात जाणार होते. "आमच्या घरातली चूल माझ्या आजीच्या वेळेपासून कधी थंड झाली नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी कप हातात धरला होता, पण पीत नव्हत्या.

"तुम्ही जाऊन या ना काकू. त्या घरात त्यांना भेटा."

"त्याला नकोय मी. मी येते म्हटलं होतं, मागेच. म्हणाला, एवढ्या लांब कशाला, तुला त्रास. पुढच्या रविवारी परत विचारलं, तर म्हणाला, अगं नको, इथे आहे काय बघायला. मग मी तो विषय सोडला. माणसाला एकटं राहायची सवय होते. आपण तरी किती गळ्यात पडायचं?"

मी म्हटलं, "काकू, किती वेळा विचारलंत तुम्ही?"

"दोनदा. सांगितलं ना आत्ताच."

"दोनदा," मी म्हटलं.

एवढंच. त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "देवा रे," त्या म्हणाल्या, "मी इथली झाले की गं." आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून ती ताठ पाठीची बाई हुंदके देऊन रडली. मीही रडले, मला काय, निमित्तच लागतं.

फोन तिथूनच लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. काकूंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पावसाचं बोलून झालं, गाईंचं झालं. मग काकू म्हणाल्या, "मी तुझ्याकडे यायचं म्हणतेय."  पलीकडून म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला. "तुझी खोली जराशी ओलावलीय. उद्यापासून तिथे विस्तव ठेवतो."

पुढचा घोळ मात्र होताच. काकूंचा मुलगा म्हणाला, आईला एकटीनं विमानात सोडणार नाही, ख्रिसमसला बघू. ख्रिसमसला? ते घर तोवर राहणार होतं का! मी म्हटलं, मी येते काकूंबरोबर. आमचे पासपोर्ट आता अमेरिकन झालेत, त्यामुळे व्हिसाची कटकट नव्हती. काकू म्हणाल्या, "छे गं, तुझी नोकरी, मुलं." मी पुन्हा म्हटलं. "नको, नको, ऐकायचीच नाही मी." आता तिसऱ्यांदा म्हणणार, तेवढ्यात जिन्यावरून आमचे पुणेकर खाली आले. वरून सगळं ऐकत होते. समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काकू, ती येतेय. शाळेचं ड्राइव्ह करणं, डबे, सगळं मी बघतो. आता तुम्ही मला नाही म्हणू नका." एवढ्या वर्षांत त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तिसऱ्यांदा विचारलं! तेव्हा मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी त्याला तो जिलबीचा किस्सा त्या दिवशी तरी ऐकवला नाही.

आम्ही दोघी आयर्लंडला पोचलो. घर काकूंनी सांगितलं होतं तसंच होतं, फक्त लहान. दारात भाऊ काठी टेकून उभे होते. मिठी वगैरे काही नाही. "प्रवासाला वेळ लागला का?" त्यांनी विचारलं. "थोडासा," काकू म्हणाल्या, आणि दोघं आत गेले. आत चुलीत त्या काळ्या मातीच्या विटा धुमसत होत्या. मला चहा विचारला, मी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बरं, अर्धा कप." म्हातारा पहिल्यांदा हसला. बहिणीला म्हणाला, "ही कुठल्या गावची?"

त्या घरात मी भाकरी शिकले त्यांची, सोडा घालून भाजलेली, आणि दुपारी सरळ तव्यावर आपलीही भाजली. दोघांनी लोणी लावून खाल्ली. दोघं फारसं बोलायचे नाहीत. खुर्च्या मात्र रोज जवळ यायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना भाऊ बशीकडे बघत म्हणाले, "तू राहा की इथे." काकू म्हणाल्या, "मी कशाला? तुला अडचण." थोड्या वेळानं ते म्हणाले, "शेजारची सून रोज येऊन बघून जाते. दोघांचं भागेल." काकू म्हणाल्या, "नको रे, माझं सगळं तिकडे आहे." मग भाऊ काठी घेऊन उठले, किटली भरायला गेले. माझा जीव वर-खाली! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो दादा, अजून एकदा! पण हे माझं नव्हतं बोलायचं. मी भाकरीचे तुकडे करत बसले. काकू टेबलाकडे बघत होत्या. किटली चुलीवर ठेवून, आमच्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, "तर मग राहतेस ना?"

"एवढं म्हणतोसच, तर राहते," काकू म्हणाल्या.

काकूंचं घर आता त्यांच्या मुलानं विकायला काढलंय. रविवारी सकाळी भिंतीपलीकडून आवाज येत नाही, आणि चहा टाकताना माझा हात अजून त्यांच्या कपाकडे जातो. चुकल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या घरातली चूल पेटती आहे, आणि तिच्यापाशी दोन खुर्च्या आहेत. ते बघायला मला नेलंत, काकू, हे उपकार मी विसरणार नाही.

मी निघाले त्या सकाळी दोघं मला सोडायला वळणापर्यंत आले, काठी टेकत, हळूहळू. पुढे टॅक्सी उभी होती. मी मागच्या काचेतून पाहिलं. त्याच वळणावर भाऊ उभे होते, हात न हलवता. या वेळी काकू त्यांच्या शेजारी उभ्या होत्या.