आबा आणि घरावरचा बोजा

माणसाने फोनवर हळू बोलावं, हे मला कुणी वेळेत शिकवलं असतं ना, तर यावलला, माझ्या सासुरवाडीत, आज माझी थोडीफार इज्जत असती!

झालं काय, आमच्या अमळनेरच्या घराचं कर्ज फिटलं. कर्ज फिटलं म्हणजे सुटलो, असं वाटतं का तुम्हाला? छे! सातबाऱ्यावर बँकेचं नाव बसलेलं असतं. ते तलाठ्याकडून काढून घ्यावं लागतं. त्याला म्हणतात 'बोजा उतरवणं'. आणि नेमके त्याच सुमारास माझे सासरे, आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे मुक्कामाला! काळा चष्मा लावून पुढच्या खोलीत पडलेले.

मी मागच्या ओट्यावर उभा राहून तलाठ्याला फोन लावला. रेंज नाही, म्हणून बोंबलत होतो.

"भाऊसाहेब, घरावरचा बोजा कधी निघेल हो? मी कंटाळलो आता!... नाही नाही, बायकोची काही हरकत नाही!"

आत आलो तर आबा नाहीत. पिशवी नाही. काठीसुद्धा नाही!

तेवढ्यात बायको दळण घेऊन आली. मी घाबरून म्हटलं, "अगं, आबा गेले!"

ती मटकन खालीच बसली.

"अगं, तसे नाही! पिशवी घेऊन गेले!"

धावत स्टँड गाठला. यावलची गाडी निघायच्या बेतात. मी आत घुसलो. आबा खिडकीशी, आणि अर्धी गाडी त्यांचं सांत्वन करतेय.

"आबा, घरी चला."

"नको, जावईबापू. तुमच्या घरावरचा बोजा निघाला. आता सुखानं राहा."

शेजारच्या सीटवरची अक्का कडाडली, "सासराले बोजा म्हनस? लाज शे का नही तुले?"

"अहो अक्का, तो बोजा बँकेचा!"

"आयका! आते म्हताराले बँकमा ठेवस का?"

इतक्यात तलाठ्याचाच फोन आला. म्हटलं, देव धावला! आता साक्षात सरकारच्या तोंडून ऐकवतो. लावला स्पीकर.

"अभिनंदन, साहेब! बोजा गेला बरं का! घर मोकळं झालं. आज गोडधोड करा!"

आबांनी चष्म्याखालून रुमाल फिरवला. अक्का चप्पल शोधायला वाकली. कंडक्टरने घंटी मारली, आणि मी गाडीतच अडकलो!

चोपड्यापर्यंत मी बँक, तलाठी, सातबारा असं सगळं घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. आबांच्या डोक्यात प्रकाश पडला चोपडा स्टँडवर. मग असे हसले की ठसका लागला. म्हणाले, "आता इथवर आलाच आहात, तर यावलला जेवूनच जा."

पण आबांनी आधीच सासूबाईंना फोनवर सगळं रडून सांगितलं होतं, हे मला कुठे माहीत?

सासूबाईंनी दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आबांकडे वळून म्हणाल्या,

"तुमी एकटेच येनार व्हते ना? मंग हा बोजा कायले वागवत आनला?"