चष्म्याच्या दुकानाचा जिना

शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणजे आमचा सव्वासात. बावीस वर्षं सकाळी सव्वासातच्या ठोक्याला त्याची बस आमच्या कोपऱ्यावर उभी. एखाद्या दिवशी सात सोळाला आली, तर लोक बसवर नाही, आपल्या घरातल्या घड्याळावर संशय घ्यायचे. अंगानं आडवा, आवाजानं मऊ, आणि मिशीचा अभिमान जरा जास्तच. बसमध्ये चाळीस पोरं. कोणाला वळणावर मळमळतं, कोणाच्या आईचं घरी कोणाशी वाजलंय, हे सगळं त्याला ठाऊक, आणि त्यातलं एक अक्षर तो बाहेर काढत नसे. मी बावीस वर्षं प्रयत्न करतोय, म्हणून सांगतो.

त्याची बायको बाजारातल्या कापडदुकानात काम करते. तिच्याकडे दोन कात्र्या आहेत. एक खुंटीला टांगलेली, दुसरी तोंडात.

गाव आणि शाळा यांच्या मध्ये नदी, आणि नदीवर एक लांबलचक, अरुंद पूल. गेल्या वर्षी एका सकाळी पुलाच्या ऐन मध्यावर पुढचा ट्रक थांबला. ताडपत्रीची दोरी सुटली होती. ट्रकवाल्यानं खाली उतरून ती बांधली आणि तो निघून गेला. एवढंच घडलं. पण बस काही हलेना. सव्वासातच्या छातीत ढोल वाजायला लागला, स्टिअरिंगवरचे हात लाकडाचे झाले, आणि त्याची खात्री पटली की आपण आता, इथंच, या चाळीस पोरांसमोर मरणार. अकरा मिनिटं बस जागची हलली नाही. "इंजिन तापलंय," तो पोरांना म्हणाला.

माझी नात दुसरीत आहे. तिनं घरी येऊन सांगितलं, "इंजिनाला काही झालं नव्हतं, आजोबा. घाम काकांना आला होता."

दुसऱ्या दिवसापासून बस पूल सोडून जुन्या गिरणीच्या रस्त्यानं, तिथल्या बुटक्या, रुंद बंधाऱ्यावरून जायला लागली. वळसा वीस मिनिटांचा. म्हणजे आमच्या कोपऱ्यावर सहा पंचावन्नला! गाव हादरलं. लोकांच्या आंघोळीच्या वेळा बिघडल्या. सलूनमध्ये चर्चा झाली आणि निष्कर्ष निघाला की गिरणीच्या रस्त्यावर ती रोपांची नर्सरी आहे, नर्सरीची मालकीण हसायला लागली की दोन शेतं पलीकडे ऐकू जातं, आणि आपल्या ड्रायव्हरला अचानक झाडांची आवड निर्माण झाली आहे. मी या गोष्टीला दुजोरा दिला नाही. नाकारली असंही नाही.

बायकोच्या कानावर हे गेलं तेव्हा ती गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, "त्यांना झाडांची आवड? घरातल्या एका कुंडीला पाणी घाला म्हणून मी अकरा वर्षं सांगतेय!"

घरी गेल्यावर मात्र तिनं त्याला समोर बसवलं. "नर्सरीचं राहू दे. खरं काय ते सांगा."

त्यानं सांगितलं. पूल नुसता डोळ्यांसमोर आला तरी तळहात ओले होतात, हेही सांगितलं.

दोघं आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, तीनदा पाहिला आणि म्हणाले, "हृदय घोड्यासारखं आहे. तुम्हाला मनाचा डॉक्टर हवा. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आहेत, पण तारीख चार महिन्यांनी मिळेल."

"इथं जवळ कोणी?"

"माझ्या माहितीत नाही," डॉक्टर म्हणाले. बाहेर त्यांचा कंपाउंडर, ज्याला सगळं गाव भोंगा म्हणतं, पुड्या बांधता बांधता मान दाराकडे कलती करून बसला होता, पण नशिबानं दार जाड होतं.

रस्त्यात सव्वासात बायकोला म्हणाला, "हे बघ, माझं डोकं तपासायचं आहे असं एकाला जरी कळलं ना, तरी बस गेली हातातून. आपलं पोरगं असल्या माणसाच्या स्वाधीन कोण करेल?"

"आणि नाही तपासलं तर?"

सव्वासातला बसशिवाय दुसरं काही करता येत नाही आणि करायचंही नाही. पण त्या पोरांना घेऊन पुन्हा पुलावर लाकूड होऊन बसायची भीती त्याहून मोठी होती.

शोध लावला तो बायकोनं, आणि दुकानात बसल्या बसल्या. त्या सुमारास आमच्या गावात एकेकाला चष्मा लागायची साथच आली होती. पोहायला शिकवणारा मास्तर, बेकरीवाल्याची बहीण, वाचनालयातली बाई. एकदा वाचनालयातली बाई कापड घ्यायला आली. वीण बघायची वेळ आली तसा तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि कापड नाकाशी धरलं. सव्वासातच्या बायकोला खटकलं. बघायचं असतं तेव्हाच चष्मा काढतात? तिनं गोड आवाजात विचारलं, "बघू हो तुमची फ्रेम?" आणि काचेतून कापडाकडे पाहिलं. धागा होता तेवढाच दिसला.

"बाई, ही तर खिडकीची काच आहे."

वाचनालयातली बाई कानापर्यंत लाल झाली. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "कोणाला सांगू नका. दर गुरुवारी, तीन ते सात. चष्मेवाल्याच्या वरच्या खोलीत. फार चांगल्या डॉक्टर आहेत."

भानगड अशी होती. मनाच्या डॉक्टरीणबाईंना गावात जागा मिळाली ती चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर, आणि जिना दुकानाच्या आतून. त्यांची पाटी जिन्यापाशी, म्हणजे दुकानात शिरल्याशिवाय दिसायची नाही. पहिला जो रुग्ण खाली उतरला त्याला रिकाम्या हातानं बाहेर पडायची लाज वाटली, म्हणून त्यानं बिननंबरचा चष्मा घेतला. दुसऱ्यानं पहिल्याचं पाहिलं. आमच्याकडे रीत पडायला एवढं पुरतं. माझी खिडकी त्या दुकानाच्या बरोबर समोर आहे, आणि मला आपलं वाटायचं, डोळे तपासायला पाऊण पाऊण तास घेतो म्हणजे हा चष्मेवाला किती कसून काम करतो!

तर एका गुरुवारी सव्वासात तो जिना चढला. वर काय झालं ते त्यानं मला पुढे सांगितलं, मी विचारलं म्हणून. आणि सांगून होईपर्यंत विचारत राहिलो म्हणून.

खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, आणि धाकट्या बहिणीच्या वयाची डॉक्टरीण.

"पुलावर काय होतं?"

"मरतो असं वाटतं."

"आजवर किती वेळा मेलात?"

सव्वासातनं मिशीवरून हात फिरवला. "एकदाही नाही."

"हे लक्षात ठेवा. हा भीतीचा झटका आहे. पुष्कळांना येतो आणि बरा होतो. पण पूल जितका टाळाल तितका तो लांब होत जाईल. गिरणीच्या रस्त्यावर कधी काही झालं?"

"कधीच नाही."

"मग तिथून खुशाल चालवा. पोरांना घेऊन पुलावर मात्र इतक्यात नाही." तिनं झोप न आणणारी एक गोळी लिहून दिली आणि घरचा अभ्यास दिला. रोज संध्याकाळी पुलावर चालत जायचं. भीती आली की पळायचं नाही. ती ओसरेपर्यंत तिथंच उभं राहायचं, मगच परत फिरायचं. पहिल्या दिवशी पहिल्या दिव्यापर्यंत, मग दुसऱ्या.

खाली उतरल्यावर चष्मेवाल्यानं फ्रेम पुढे केली. "मला नको," सव्वासात म्हणाला.

"अहो, घ्या. समोर तो म्हातारा खिडकीत बसलाय."

त्यानं चष्मा घेतला. मी तेव्हा मुद्दाम पेपर वाचत होतो.

मग रोज संध्याकाळी नवराबायको पुलावर दिसायला लागले. दिव्याच्या खांबाला पाठ टेकून तो उभा आणि ती त्याचा हात धरून शेजारी. या वयात! नर्सरीचा विषय एका आठवड्यात मेला आणि गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारू लागल्या, "बघा, शिका काहीतरी." सहाव्या गुरुवारापर्यंत तो एकटा पुलाच्या मध्यापर्यंत जायला लागला होता.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण घेतलेला चष्मा कोणाला तरी दिसायला हवा, म्हणून पठ्ठ्यानं तो बस चालवताना लावला. आणि गावात बातमी झाली की सव्वासातला दिसत नाही. ती कोणी पसरवली ते विचारू नका. मी फक्त दोघांना सांगितलं होतं. त्यातला एक भोंगा होता, हा माझा दोष नाही. लोकांनी ताळा जुळवला. पुलावर अकरा मिनिटं का थांबला? पुढचं दिसेना म्हणून. गिरणीचा रस्ता का धरला? रुंद आहे म्हणून. मुख्याध्यापिकाबाईंनी शनिवारी पालकांची सभा बोलावली. समाधान झालं नाही तर बसची किल्ली भाजीच्या टेम्पोवाल्याकडे जाणार होती. तो टेम्पो कसा हाकतो ते आमच्या कोंबड्यांना विचारा.

चष्मेवाला घाबरून त्यांच्या घरी गेला. "मी लिहून देतो की, किंचित नंबर आहे, चष्मा लावला की नजर एकदम चोख. मिटलं!" आणि कोणाच्या होकाराची वाट न बघता त्यानं ते पत्र शाळेत नेऊनही दिलं.

सभा दुसरीच्या वर्गात भरली. बाकं इवलीशी, माणसं मोठाली, गुडघे सगळ्यांचे हनुवटीला. नातीचा आजोबा म्हणून मी पहिल्या बाकावर. टायरचा दुकानदार उठला. त्याचा आवाज असा की हवा भरायला यंत्र लागत नसावं.

"चष्मा लागला ना? हे चष्मेवाल्याचं पत्रही आहे. मग अडलंय कुठं? सोमवारपासून सरळ पुलावरून न्या, पोरांची आणि आमची झोप वाचवा. काय हो, आहे कबूल?"

माना डोलल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी पेन उघडलं. सव्वासातनं नुसतं हो म्हणायचं होतं की नोकरी शाबूत. पण हो म्हटलं की सोमवारी चाळीस पोरं घेऊन पूल. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"याला नंबर नाही. माझे डोळे ठणठणीत आहेत. त्या दिवशी पुलावर मला भीतीचा झटका आला होता. मी गुरुवारी चष्म्यासाठी जात नाही. माडीवर मनाच्या डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे जातो."

बाकं कुरकुरली. वर्गात चार-पाच हात आपापल्या चष्म्याकडे गेले आणि तसेच खाली आले.

"म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरकडे?" टायरवाला गरजला.

"हळू बोला जरा," त्याच्या शेजारून त्याची बायको म्हणाली. "मी पण जाते तिथं. वर्ष होत आलं."

"तू? अगं, तुला तर दीडचा नंबर..."

"शून्य," ती म्हणाली. "आणि खाली बसा."

तो बसला. बाक लहान असल्यामुळे अर्धाच बसला.

मुख्याध्यापिकाबाईंनी पेन पुन्हा बंद केलं. "सोमवारी मुलांना पुलावरून न्याल?"

"नाही."

"मग कधी?"

"आधी रिकामी बस नेईन. तीनदा तरी. मग डॉक्टरीणबाई आणि मी, दोघंही हो म्हणू तेव्हा. त्यांचं पत्र तुम्हाला आणून देतो. तोपर्यंत सहा पंचावन्न. तुम्हाला दुसरा माणूस ठेवायचा असेल तर ठेवा, मी वाद घालणार नाही. पण टेम्पोवाल्याला ठेवू नका."

मागून एक आई उठली. तिच्या जुळ्या मुली बसनं जातात. "मला सकाळी वीस मिनिटं लवकर उठावं लागतं, त्याचा मला इतका राग येतो म्हणून सांगू! पण बाई, आत्ता हा माणूस हो म्हणून सुटला असता. सुटला नाही. माझ्या मुली याच्याच बसनं जातील."

"हात वर करा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. हात वर झाले. टायरवाल्याचाही झाला, बायकोनं कोपरापासून उचलला होता असं मला दिसलं. मी दोन्ही वर केले.

"आजोबा, एकच," बाई म्हणाल्या.

रिकामी बस पहिल्यांदा पुलावरून गेली तेव्हा मागच्या सीटवर त्याची बायको होती. दुसऱ्यांदा तो मध्ये थांबला, कपाळ पुसलं, थांबून राहिला आणि मग पुढे गेला. तिसऱ्यांदा एकटा गेला, चौथ्यांदाही. मग पत्र आलं, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी एका बुधवारचा दिवस ठरवला.

त्या बुधवारी नातीचं दप्तर जड आहे असं सांगून मी बसमध्ये चढलो. निघताना तो पोरांना म्हणाला, "आज पुलावरून जायचं. मध्ये मला जरा थांबावंसं वाटलं तर मी थांबेन. तुम्ही आपापल्या गप्पा चालू ठेवायच्या." पोरांनी तेवढं ऐकलं आणि गप्पा लगेच चालू केल्या.

मध्यावर समोरून दुधाचा टँकर आला. पूल अरुंद. सव्वासातनं बस कठड्याला घेतली आणि थांबवली. मला त्याची मान दिसत होती. टँकर इंचाइंचानं सरकत गेला, त्याच्या ड्रायव्हरनं हात केला, यानंही केला. मग गिअर पडला आणि बस निघाली.

पलीकडे उतरलो तेव्हा मी एवढ्या जोरात श्वास सोडला की नातीनं वळून पाहिलं. सव्वासात आरशातून माझ्याकडे बघत होता.

"काय आजोबा, बरं वाटतंय ना? की तुमच्यासाठी गुरुवारची वेळ घेऊ?"

"पुढे बघून चालव," मी म्हटलं.