ड्रिलच्या बॅटरीला हळदकुंकू

मंडळी, आमच्या लोणच्याच्या बरण्या आज एकदाच्या फळीवर चढल्या! सुताराची वाट बघून मी कंटाळले आणि काल बेगम बाजारातून बॅटरीवर चालणारं ड्रिल घेऊन आले.

सकाळी बॅटरी चार्जरला लावायला गेले, तर तिच्या धातूच्या पट्ट्यांवर ओलं हळदकुंकू! आमच्या सासूबाई पक्क्या हैदराबादच्या. नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरू देत नाहीत.

"अहो आई, तिथं कशाला लावलंत?"

"मग कुठं लावू? मशीनचा जीव तिथंच आहे म्हणाली होतीस ना काल!"

तशीच ओली बॅटरी चार्जरला लावली असती आणि शॉर्ट झालं असतं तर? कोरड्या फडक्यानं पट्ट्या पुसल्या, नीट वाळू दिल्या, मग चार्जिंग. कुंकवाचं बोट ड्रिलच्या मुठीवर लावून घेतलं.

दुपारी मी ओढणी काढून ठेवली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि भिंतीला भोकं पाडली. आई पदर खोचून स्टूल धरून उभ्या.

फळी बसली. बॅटरी चांगलीच तापली होती. मी ती तशीच चार्जरवर ठेवायला निघाले, तर आईंनी हात धरला.

"नक्को गं! उन्हातून आलेल्या माणसाला आपण लगेच पाणी देतो का? निवू दे तिला जरा."

मी माहितीपुस्तिका उघडली. तिथंही हेच होतं, फक्त इतक्या मायेनं लिहिलेलं नव्हतं.

आता बॅटरी खिडकीत निवतेय आणि आम्ही दोघी चहा पितोय. तुमच्याकडे मशीनला कुंकू नेमकं कुठं लावतात हो?