चुका शोधणारी पोरगी

फोन आमच्या हिच्या हातात द्यायची आन् स्वतःचे हात पाठीमागं बांधून उभी राहायची. "काकू, मेरेकू मत पूछो. मी काहीच सांगणार नाय."

अशी होती बघा आमची वरच्या खोलीतली भाडेकरू. अजिंठ्याकडची. क्रांती चौकाजवळच्या ऑफिसात फोनमधल्या ॲपच्या चुका शोधायची. मी म्हणायचो, "चुका काढायचा पगार मिळतो? मग आमच्या हिला मॅनेजर करा." ही उलथणं उगारायची.

तेव्हा म्हाताऱ्यांना गोळ्यांची आठवण देणाऱ्या ॲपचं काम चाललं होतं. न सांगता हिला कुठं अडतं, ते पोरगी बघायची. वेळ झाली की फोन वाजणार, गोळी घेतली की 'घेतली' दाबायचं. भाकरी थापताना वाजला की ही आधी 'घेतली' दाबून त्याचं तोंड बंद करी, आन् गोळी राहून जाई. पोरगी टाळ्या वाजवत नाचली. "या अल्लाह! काकू, हे आम्हाला सुचलंच नव्हतं."

मग फोन थोड्या वेळानं परत विचारू लागला, खरंच घेतली का? ही खेकसली, "घेतली म्हणलं ना, मुडद्या!"

ऑफिसवाले म्हणत, पुरे झालं तपासणं, लोकांना देऊन टाकू. पोरगी म्हणे, "सर, रंग चुकला तर चालंल. गोळी चुकली तर माणूस जाईल."

आन् आमची हीच गेली. झोपेत. गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काळीजच थकलं होतं.

पोरगी मात्र थांबंना. साहेब फोनवर ओरडायचा, "अजून किती दिवस?" तिचं एकच, "अजून एखादी चूक राहिली असंल."

शेवटी मी वर गेलो. "कशाला मरतीस गं?"

"काका, काकूसारखं चुकणारं कुणी नाय आता."

"आण तो फोन इकडं. मी चुकतो तिच्यावाणी."

बसलो. भाकरी थापल्यासारखे हात केले. फोन वाजला. एवढा संसार केला, पण जमंना. मी आधी गोळीच शोधायचो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग डोळ्यांपुढं फोनच दिसंना.

तिनं तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. साहेबाला लावला. "सर, झालं. सापडायचं तेवढं सापडलं. द्या लोकांना."

पुढं ती पुण्याला गेली. रिक्षा वळली तरी हात बाहेरच होता. मी वर जाऊन खोली झाडायला घेतली. पोरीनं आधीच झाडून ठेवली होती.

तरी झाडली.