सहा मिनिटं काटा हलता कामा नये

आमची शेती एका खेकड्याने खाल्ली. कॉलेजात मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खारघरच्या टॉवरमधल्या मैत्रिणी हसल्या होत्या, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. पनवेल-उरणकडची खाडीकाठची शेती बांधाच्या भरवशावर असते. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे समुद्राचं पाणी. खेकड्याने बांधात बीळ केलं, बिळातून पाणी झिरपलं, भरतीने बीळ मोठं केलं आणि एका उधाणाला बांधच गेला. खारं पाणी शिरलेल्या जमिनीत पुढची कित्येक वर्षं भात होत नाही. आजोबा मिठागरावर मजुरीला गेले, आईची शाळा चौथीत सुटली, मामाची सातवीत, आणि दोन जेवणांतलं एक जेवण म्हणजे पेज झाली.

ही गोष्ट घरात सगळ्यांनाच लागली, पण मामाला ती कायमची लागली. जगात बंद अशी कुठलीच वस्तू नसते, प्रत्येकीत कुठे तरी एक बीळ असतं आणि ते शोधायची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, असं मानणारा दुसरा माणूस मी पनवेल तालुक्यात पाहिलेला नाही. बहुधा महाराष्ट्रातही नसावा. याच स्वभावामुळे माझी पदवी वाचली. आणि आयुष्यात एकदाच तो या स्वभावाला सोडून वागला, तेव्हा ती जवळजवळ गेलीच होती. तेही सांगते.

मामा मेकॅनिक आहे, पण फक्त टू-स्ट्रोकचा. जुन्या पनवेलात तळ्यामागे त्याचं एका शटरचं गॅरेज आहे. तिथे जुन्या स्कूटरी येतात आणि हल्ली मातीत उड्या मारायच्या डर्ट बाइकही येतात. आमच्या गावाकडच्या जमिनी सरकारी प्रकल्पांत गेल्या, पैसे आले आणि पोरांनी परदेशी डर्ट बाइक घेतल्या, त्यामुळे. टू-स्ट्रोक इंजिनाचं दुखणं असं, की त्यात पेट्रोलचं मिश्रण खालच्या पोटातून वर जातं. त्या पोटाला कुठे बारीकशी फट असली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जागच्या जागी चिकटतो. ॲक्सिलेटर सोडला तरी आवाज चढतच राहतो, ही त्याची आधीची खूण. अशा वेळी बाकीचे मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून देतात. मामासमोर कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरकडे वळलं, की तो हात धरतो. एका पोराला त्याने विचारलं होतं, "ताप आल्यावं तू थर्मामीटरला गोली देतस का?" पोरगा म्हणाला, "नाही." "मंग तो स्क्रू ठेव खाली."

मामाची तपासणी एखाद्या पूजेसारखी चालते. जुन्या चपलेचं रबर कापून सायलेन्सरची वाट बंद करायची. कार्बोरेटर काढून त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा क्लिपने आवळायचा. मग त्यातून हवा भरायची, दाब बघायचा आणि सहा मिनिटं थांबायचं. काटा हलला नाही तर इंजिन पास. हलला तर केसांच्या शॅम्पूची पुडी पाण्यात कालवून टूथब्रशने प्रत्येक सांध्याला लावायची आणि बुडबुडा कुठे येतो ते शोधायचं. या सहा मिनिटांत गॅरेजात कुणी बोलायचं नाही. फोन वाजला तर फोनवाल्याने बाहेर जायचं. एकदा महापालिकेचा माणूस कसलीशी नोटीस द्यायला आला, तर त्यालाही मामाने तोंडावर बोट ठेवून स्टुलावर बसवलं. तो बिचारा सहा मिनिटं काट्याकडे बघत बसला. जाताना त्याने विचारलं, "पास झालं ना?" आणि नोटीस द्यायची विसरून गेला.

आता हवा भरायला आणि दाब बघायला मामाकडे जे यंत्र होतं, ते मामीचं बीपी तपासायचं मशीन. मामीला रक्तदाब निघाला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी आपलं काट्याचं जुनं मशीन मामाला दिलं आणि रोज सकाळी बघून वहीत लिहायला शिकवलं. मामाने दुसऱ्याच दिवशी ओळखलं, की या मशीनची तबकडी तीनशेला संपते आणि इंजिन तपासायला जेवढा दाब लागतो तोही बरोबर तेवढाच. मग सकाळी सातला मशीन मामीच्या दंडावर आणि दहानंतर गॅरेजात. मशीन एक, म्हणून वहीही एकच. त्याला यात काही गैर दिसलं नाही. महिन्याने मामी ती वही घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी वाचलं: सोमवार, एकशे चाळीस. मंगळवार, तीनशे, सहा मिनिटं टिकलं. बुधवार, तीनशे, दोन मिनिटांत एकशे ऐंशीवर आलं, डाव्या बाजूने गळती. डॉक्टरांनी वही खाली ठेवली, चष्मा काढला आणि समोर पिशवीत कोलंबी घेऊन बसलेल्या मामीला हळूच विचारलं, "तुम्ही चालत आलात?"

मामी घरी आली आणि मामाला म्हणाली, "अवो, मना साबन लावाचा तेवडा बाकी हाय. तो पन लावा नि बगा बुडबुडं येतान का."

त्यानंतर वह्या दोन झाल्या. मशीन मात्र एकच राहिलं.

गॅरेजाबाहेर तर मामाला आवरणं कठीणच. कुणाच्या घरी कुकर लावलेला असला की शिट्टी होईपर्यंत तो कुकरच्या कडेला कान लावून उभा. बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे, त्यांनी नवीन थर्मास घेतला तर मामाने तो पाणी भरून, उलटा करून, बाबांच्याच इस्त्रीच्या शर्टावर ठेवला. का, तर गळला तर डाग लगेच दिसेल. दिसला. लग्नाच्या मांडवात तो नवऱ्यामुलाला भेटायच्या आधी आचाऱ्याला भेटतो आणि गॅस सिलेंडरच्या नळीला साबण लावतो. कामोठ्याला आईच्या ओळखीतल्या एका बाईंनी सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत होती. मामा पेटती उदबत्ती घेऊन एकेका खिडकीच्या चौकटीभोवती फिरू लागला, धूर कुठे हलतो ते बघायला. बाईंना वाटलं हा आमच्याकडचा काही विधी असेल. त्या हात जोडून त्याच्यामागून फिरू लागल्या आणि त्यांच्यामागून त्यांची सून. बेडरूमच्या खिडकीपाशी मामा थांबला आणि म्हणाला, "हितनं जातंय." बाईंनी घाबरून भटजींना हाक मारली.

मी इंजिनिअरिंगला गेले ती मामाच्या गॅरेजामुळे. फॉर्मवर आईवडिलांचं शिक्षण लिहायच्या दोन ओळी असतात; मी चौथी आणि सहावी लिहिलं आणि लाजले नाही. शेवटच्या वर्षाला आम्हा चौघींच्या गटाने प्रोजेक्ट घेतला: बंद पडलेल्या टू-स्ट्रोक डर्ट बाइकचं इंजिन पुन्हा उभं करायचं आणि त्याची हवाबंद चाचणी मांडून दाखवायची. गाडी मामाच्याच एका गिऱ्हाइकाने दिली. चालू करून बघताना इंजिनाने दोनदा पिस्टन खाल्ला. दुसऱ्या वेळी आमचे गाइड सर म्हणाले, "बाहेरच्या परीक्षकांसमोर हे पंधरा मिनिटं नीट चाललं नाही, तर मी काही करू शकणार नाही." तळोज्याच्या एका कारखान्यात मला नोकरी कबूल झाली होती, पण त्याच वर्षी पास झाले तरच. म्हणजे माझं सगळं त्या पंधरा मिनिटांवर आलं होतं.

परीक्षा सोमवारी होती; गटातल्या बाकीच्या तिघी अहवाल पुरा करत होत्या. शनिवारी मामाने इंजिन स्वतः जोडलं. इंजिनाच्या पोटात फिरणाऱ्या क्रँकच्या दोन्ही बाजूंना हवा अडवणारी रबराची नवी सील बसवली आणि मला हातसुद्धा लावू दिला नाही. रविवारी सकाळी मी मशीन काढलं तर तो म्हणाला, "नको गो. मी बशिवलंय."

मला वाटलं मी काही चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने बाबांचा थर्मास सोडला नाही, तो इंजिन न तपासता सोडत होता.

"मामा, तूच म्हणतोस ना, बसवणारा कुणीही असो, तपासायचंच."

"दुसऱ्यांचा सांगतंय मी. तुमी काय मना शिकिवता?"

मामा मला 'तुमी' म्हणाला म्हणजे रागावला होता. मी रबर लावलं, ट्यूब आवळली, तीनशेपर्यंत हवा भरली. पहिल्या मिनिटाला काटा दोनशे ऐंशी. दुसऱ्याला दोनशे पन्नास. मामाने तबकडीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "ट्यूब जुनी झाली." ट्यूब बदलली. काटा तसाच उतरला. मी प्रत्येक सांध्याला शॅम्पू लावला. इंजिन नुसतं फेसाने माखलं, पण बुडबुडा कुठेच नाही. मामा खुर्चीत बसून राहिला. तो साबण लावायलाही उठला नाही, हेच मला काट्यापेक्षा जास्त खुपलं.

हवा बाहेर येत नव्हती आणि आतही राहत नव्हती. मग मला सुचलं, की क्लचच्या बाजूचं सील गळत असेल तर हवा बाहेर येणारच नाही, ती आतल्या आत गिअरबॉक्समध्ये जाईल. गिअरबॉक्समध्ये अजून ऑइल भरलं नव्हतं. मी त्याची हवा सोडणारी श्वासाची नळी बोटाने दाबली, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या भोकावर साबणाचा पातळ पापुद्रा ओढला. पापुद्रा हळूहळू फुगला. लिंबाएवढा झाला, मग मोसंबीएवढा. गॅरेजाच्या दारातलं ऊन त्यात निळं-जांभळं दिसत होतं.

"मामा, दिसला?"

मामा वाकला, अगदी जवळ आला. "काय?"

बुडबुडा त्याच्या नाकाला लागून फुटला. त्याने नाक पुसलं, बोट बघितलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. शॅम्पूच होता. मग तो मागे सरकून खाली फरशीवर बसला.

"क्लचचा सील," तो म्हणाला. "शाफ्टच्या खाचांवरशी नेताना ओठ फाटला आसंल त्याचा. मना दिसला नाय."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिवालीपासून. धुरकट दिसतंय. काटा पन."

"मामीला सांगितलंस?"

"येडी काय तू? ती वही घेवून डॉक्टरकडं जाईल."

मला हसू आलं. मग मी हात धुतले आणि क्लच उघडला. जास्तीचं सील मामाकडे होतंच, तो नेहमी दोन आणतो. जुनं काढलं तर त्याच्या रबरी ओठाला नखाएवढी चीर. मामाने ती बघितली नाही, बोटाने चाचपली आणि सील खिशात टाकलं. मग त्याने मला दुधाची रिकामी पिशवी कापायला लावली, शाफ्टच्या धारदार खाचांवर ती गुंडाळायला लावली, वरून ऑइल चोळायला लावलं. "आता ढकल. जोर नको लावू. घराचं दार लोटतंव तसा." सील जागेवर बसलं तेव्हा पिशवी मी ओढून काढली आणि त्याने कडेकडेने बोट फिरवून बघितलं. पुन्हा सगळं जोडलं, पुन्हा तीनशे.

त्या वेळी गप्प बसायचा नियम त्यानेच मोडला. दर अर्ध्या मिनिटाला विचारत होता, "हाय?" आणि मी सांगत होते, "आहे." एकदा मी उत्तर द्यायला जरा उशीर केला तर तो उठूनच उभा राहिला. सहा मिनिटं झाली. मी आणखी चार मिनिटं थांबले, कारण मला थांबायचं होतं. काटा तीनशेवरच होता.

सोमवारी इंजिन पंधरा मिनिटं चाललं. परीक्षकांनी हात वर केला तरी मी बंद केलं नाही, वीस मिनिटं चालवलं. ॲक्सिलेटर सोडला की आवाज खाली यायचा आणि तिथेच राहायचा. त्यांनी विचारलं, गळती गिअरबॉक्समध्ये आहे हे कसं ओळखलं, ते मी सांगितलं. मग त्यांनी मशीन उचलून विचारलं, "हे कुठल्या लॅबचं?" मी म्हटलं, "मामीचं." आमचे गाइड सर खिडकीबाहेर बघू लागले.

मामीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, मामाने नको म्हटलं होतं तरी. मोतीबिंदू होता. मामीने डॉक्टर गाठला, तारीख घेतली, आणि ऑपरेशनच्या खोलीत जाताना मामाने डोळ्याच्या डॉक्टरला, आत काय काय सील करणार, असं विचारलं.

डोळा बरा झाल्यावर मामाने पहिलं काम कुठलं केलं असेल, तर दिवाळीपासून आपण बसवलेल्या अकरा इंजिनांच्या मालकांना बोलावलं. फुकटात तपासून देतो म्हणाला. सात जण आले. चौघांनी गाड्या विकूनच टाकल्या होत्या. टू-स्ट्रोक आता कोण ठेवतंय, असं त्यातला एक जण फोनवर म्हणाला. आलेल्यांपैकी सहांची इंजिनं ठीक निघाली. सातव्याचा काटा उतरला, तेव्हा मामाने त्या पोराची हात जोडून माफी मागितली आणि तो पोरगाच रडकुंडीला आला. आता मामाला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, पण क्लचच्या बाजूचं सील तो स्वतः बसवत नाही. रविवारी मी येईपर्यंत इंजिन तसंच उघडं ठेवतो, वर स्वच्छ फडकं टाकून. कुणी घाई केली तर सांगतो, "इंजिनेर येनार हाय." गॅरेजात हल्ली असे रविवार कमी येतात. कधी फडक्याखाली काहीच नसतं, तरी मी जाते आणि आम्ही चहा घेतो.

मी प्रथम श्रेणीत पास झाले आणि तळोज्याला नोकरीला लागले. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली.