अभिरुची आहे हो तुम्हाला

मलकापूरच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. घरमालकीण काकू निवृत्त शिक्षिका. खाली एकट्याच राहायच्या. पहिल्यांदा वर आल्या, पुस्तकं चाळली, फळीवरची बुद्धाची पितळी मूर्ती उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अभिरुची आहे हो तुम्हाला. हल्ली कुठे दिसते?"

हा शब्द मी मुलींना शिकवायचे, पण माझ्यासाठी तो कुणी वापरला नव्हता. मी लगेच डोणगावला आईला फोन केला.

"अभिरुची म्हंजे काय वं?"

"चांगलं काय ते ओळखायची नजर."

आई म्हणाली, "तुह्यी जात इचारली का तिनं?"

"नाही."

"मंग जपून राह्य."

मला आईचा रागच आला.

दिवाळीनंतर ती चार दिवस राहायला आली. फाटकाशी ओळखीची बाई दिसली, तशी आईने मोकळ्या आवाजात जय भीम घातला. काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचा तांब्या हातातच राहिला.

आई गेल्यावर वरचं पाणी सकाळी सातलाच बंद व्हायला लागलं. एकदा शाळेतून आले, तर कुलूप जसंच्या तसं आणि मूर्तीचं तोंड भिंतीकडे. मीच ठेवली असेन, असं वाटलं. दुसऱ्या वेळी तसं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात काकू जिन्यात शेजारणीला सांगत होत्या, "अभिरुची काही शिकून येत नाही. ती रक्तात असावी लागते." मला पाहूनही त्यांनी आवाज खाली केला नाही.

मी विचारलं, "काकू, माझ्या खोलीत कोणी येतं का?"

"दुसरी किल्ली माझ्याकडेच असते," त्या हसून म्हणाल्या. "माझ्या घरात काय काय आलंय, ते मला कळायला नको?"

त्या दिवसापासून मी दाराला आतून खुर्ची लावून झोपायला लागले.

महिना संपताच खोल्या सोडल्या. आई मदतीला आली होती. सामान टेम्पोत चढलं आणि मी फाटक लावत होते, तोच वर बादल्या ओतल्याचा आवाज आला. पाणी पायरी पायरीने जिना उतरू लागलं.

"मांगं पाहू नको," आई म्हणाली. "चाल."

मी पाहिलं. काकू वरच्या पायरीवर उभ्या होत्या. पाणी कुठपर्यंत पोचलं, ते शांतपणे बघत होत्या.