शून्यसाहेब आणि गोणीतली हाडं

दोन डॉक्टर एकत्र बसले की रोग्यांच्या गोष्टी निघतात असं लोकांना वाटतं. साफ चूक! रोग्यांची आठवण नको म्हणून तर आम्ही एकत्र बसतो. निघतात त्या परीक्षेच्या गोष्टी. बांधावर गवत कुणी पेरत नाही, तरी दर साली उगवतंच, तसे हे किस्से. एक उपटायला जावं तर मुळाशी आणखी चार सापडतात. "दिनकरराव, शून्यसाहेबांचं सांगा की," असं कुणीतरी म्हणतं, आणि माझा चहा निवतो.

बरं, ऐका. साल विचारू नका. पुण्याच्या गाडीला घाट चढायला कर्जतला मागून दुसरं इंजिन जोडत, ते बघायला आम्ही अजून पोरांसारखे उभे राहायचो, त्या वयातलं हे.

मुंबईच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला या बाजूचे आम्ही तिघे. मी कर्जतचा. बापू कडावचा, तोंडाळ आणि खादाड. आणि गणू पाटील, चौक गावाजवळच्या लोधिवलीचा. शेतकऱ्याघरचा पोरगा, गावातला पहिला मॅट्रिक! खालापुरात दवाखाना टाकायचा एवढं एकच वेड त्याच्या डोक्यात. तेव्हा खालापूरला कचेरी होती, बाजार होता, डॉक्टर मात्र औषधालाही नव्हता.

*

अ‍ॅनाटमीला आमचे साहेब होते, विलायतेहून आलेले गोरे. खरं नाव सांगत नाही. सगळं कॉलेज त्यांना शून्यसाहेब म्हणायचं. सगळ्या विषयांच्या तोंडी परीक्षेला मुख्य परीक्षक तेच. शेजारी त्यांचे मदतनीस मोघे, टाक-दौत घेऊन. टेबलावर पितळी घंटा. प्रश्न विचारला की साहेब थांबायचे. मग एक घंटा, म्हणजे ताकीद. दुसरी घंटा, म्हणजे शून्य!

अर्धा मार्क हा प्रकारच नव्हता. एका पारशी मुलाने धीर करून विचारलं होतं, "सर, उत्तर निम्मं तरी बरोबर होतं ना?"

साहेब म्हणाले, "निम्मा मेलेला रोगी दाखवा, निम्मा मार्क देतो."

पुन्हा कुणी विचारलं असेल तर शपथ!

*

आणखी एक. पहिल्या वर्षाच्या पोराला कुणी 'डॉक्टर' म्हटलेलं साहेबांना खपायचं नाही. गेटवरचा म्हातारा पहारेकरी आम्हाला कौतुकाने "या डागदर" म्हणायचा. साहेबांनी ऐकलं आणि तिथंच थांबले.

"हे डॉक्टर नाहीत. हे मिस्टर आहेत."

"मग डागदर कवा व्हनार, सायेब?"

साहेबांनी आमच्याकडे खालून वर नजर टाकली. "त्यांची मलाही काळजी आहे!"

*

आता बापूचं. औषधी द्रव्यांची तोंडी. ताटलीत मुळ्या, साली, बिया मांडलेल्या. साहेबांनी एक फोडलेली बी पुढे केली. बापू गोंधळला. आणि गोंधळला की आमच्या रानातला माणूस जे करतो तेच त्याने केलं. बी उचलली आणि जिभेला लावली!

तोंड असं वाकडं झालं की काय सांगू. पण चेहरा मात्र उजळला. "काजरा, सर! काजऱ्याची बी!"

काजरा म्हणजे जहर. माणूस धनुकलीसारखा वाकून मरतो. मोघ्यांच्या हातातला टाकच गळाला. साहेबांनी मात्र शांतपणे घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"उत्तर बरोबर. त्या बाकावर बसा. विद्यार्थी संध्याकाळपर्यंत शिल्लक राहिला तर मार्क देऊ."

बापू दिवसभर बाकावर बसून रामरक्षा म्हणत होता. साहेब दर थोड्या वेळाने येऊन त्याच्या डोळ्यांत डोकावून जायचे, जेवायलासुद्धा घरी गेले नाहीत. संध्याकाळी मार्क दिला. पूर्ण! अर्धा नाहीच म्हटल्यावर काय.

*

माझा किस्सा छोटा आहे, पण आठवला की अजून अंगावर काटा येतो.

साहेबांनी गळ्याखालचं, हासळीचं हाड माझ्या हातात दिलं. "हे डाव्या बाजूचं. याला कुठला स्नायू चिकटतो ते सांगा."

मी हाड फिरवून बघितलं. पुन्हा बघितलं. हाड उजवं होतं! आता काय करता? साहेबाला चूक म्हणायचं?

"सर... मला वाटतं, उजवं."

साहेबांनी हाड घेतलं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. मी मनात घरी पत्र लिहायला घेतलं होतं.

"मोघे," साहेब वळून म्हणाले, "या प्रश्नाला शून्य लिहा."

माझा जीव गेला.

"माझ्या नावावर."

मोघे बघतच राहिले. "साहेब, आपलं नाव... परीक्षकाचं नाव कुठं लिहू?"

"खाली जागा आहे तिथं. चुकणाऱ्याला शून्य असा नियम आहे, मोघे. पोरं आणि मी असे दोन नियम मी केलेले नाहीत."

आणि मोघ्यांनी खरोखर लिहिलं! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. असा माणूस मी पुन्हा जन्मात बघितला नाही.

*

आता गणू. हाडं पाठ करायला सुट्टीत घरी न्यायची मुभा असायची. गणूने गोणीत घालून लोधिवलीला नेली. आई उंबऱ्यातच आडवी आली.

"मानसाची हाडं? घरात? नाय म्हंजे नाय!"

"आये, परीक्षा हाय गं."

"असंल तुझी परीक्षा. उद्या कुनी बघितलं तर तुला पोरगी कोन देईल रं?"

शेवटी तोड निघाली. गोणी गोठ्यामागे तुसाच्या ढिगात ठेवायची. हाड बाहेर काढायचं नाही, उजेडात आणायचं नाही, कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. आणि अभ्यास झाला की विहिरीवर आंघोळ.

मग काय! गणू कोपरापर्यंत हात गोणीत घालून बसायचा, आत चाचपायचा आणि तोंडाने लॅटिन नावं म्हणायचा. सगळी सुट्टी असाच बसला. गावात बोभाटा झाला की पाटलाचा पोर गोणीत हात घालून मंत्र म्हणतो. मी एकदा भेटायला गेलो तर एक म्हातारी हात जोडून उभी. "बाबा, माजी म्हस दूध देत नाय. तुज्या गोनीला इचार की रं!"

*

हसलात? आम्हीही हसलो होतो. पण पुढे रडायची पाळी आली.

पहिल्या तोंडीला साहेबांनी हाडांचा ट्रे पुढे ठेवला आणि गणू मुका झाला. एक घंटा. दुसरी घंटा. शून्य. पुढल्या खेपेला मांडीचं हाड दिलं, शेंबड्या पोराने ओळखावं असं. गणू त्याच्याकडे टकामका बघत राहिला. पुन्हा शून्य!

आता नियम असा, की एका विषयात नापास तो सगळ्यात नापास. आणि तिसऱ्यांदा नापास झाला की नाव कायमचं कापलं. मीही केमिस्ट्रीत लटकलो होतो, बापू वनस्पतिशास्त्रात. पण मधल्या खेपेला आम्ही बसलोच नव्हतो, म्हणून आमची ती दुसरी. गणूची शेवटची. बापाने सांगून टाकलं होतं, "औंदा नाय झालं तर नांगर धर. खालापूरचा दवाखाना इसर."

बापू म्हणाला, "गण्या, तुला कर्जतहून मागून इंजिनच लावलं पाहिजे!"

गणू हसला नाही. "बाप्या, समदं येतंय रं मला. पन ट्रेमधी बघितलं की वाटतं, ही हाडं माझ्या वळखीचीच नाहीत."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "डोळे मीट." त्याने मिटले. मी अभ्यासाच्या ट्रेमधलं पहिलं हाड त्याच्या तळहातावर ठेवलं. नाव! दुसरं, तेही! डावं, उजवं, वरचं टोक, खालचं टोक, कुठे कोण चिकटतो, धडाधडा! आम्ही दोघं चाट पडलो. त्याची हाडांशी ओळख झाली ती अंधारात, हाताशी. डोळ्यांचा काही संबंधच आला नव्हता.

*

त्या साली साहेबांची प्रकृती बिघडली आणि ते हवापालटाला कर्जतला येऊन राहिले, नदीकाठच्या बंगल्यात. मुंबईहून हुकूम आला की या बाजूच्या तिघांची राहिलेली तोंडी तिथंच उरका. बंगल्याच्या चार पायऱ्या चढताना साहेब मध्येच थांबायचे. पण "बरं वाटत नाही का?" असं विचारायची कुणाची छाती होती! मोघ्यांनी एकदा विचारलं, तर साहेब म्हणाले, "मी देखावा बघत होतो."

माझं आणि बापूचं उरकलं. आम्ही पायरीवर बसलो. दार उघडंच होतं.

गणू आत गेला आणि खांद्यावरचं उपरणं हातात घेऊन म्हणाला, "सर, मी डोळे बांधून उत्तरं दिली तर चालतील?"

मोघे दचकले. साहेबांनी भुवया चढवल्या. "रोगी तपासतानाही डोळे बांधणार का, मिस्टर पाटील?"

"सर, रोग कातडीच्या आत असतो. तिथं डोळे असून तरी काय दिसतं?"

बापूने माझा हात करकचून धरला. मग साहेब म्हणाले, "बांधा. पण चुकलात तर शून्य."

आणि मग जे झालं! साहेब हाड ठेवायचे आणि गणू नाव घ्यायचा. साहेबांना चेव चढला. एकासारखे एक दिसणारे मणके काढले, मनगटातली चिंचोक्याएवढी हाडं काढली, तीसुद्धा डाव्या-उजव्या हाताची एकत्र करून. गणू बोटांत फिरवायचा आणि सांगायचा. एक चूक नाही! मोघे लिहायचे थांबून नुसते बघत होते. मला तर तिथंच उठून नमस्कार करावासा वाटला.

"शेवटचं," साहेब म्हणाले. त्यांनी कोटाची बाही वर केली आणि स्वतःचंच मनगट गणूच्या हातात दिलं. "हे हाड कुठलं?"

बापू खुदकन हसला. मनगटाचं हाड! पहिल्या आठवड्यातला धडा!

पण गणू गप्प.

त्याची बोटं हाडावरून सरकली आणि अंगठ्याच्या बाजूला, आत, थांबली. चेहरा बदलला. असं गप्प बसणं त्याला याआधी दोनदा भोवलं होतं.

"मिस्टर पाटील, मी हाडाचं नाव विचारलं."

साहेबांनी घंटा मारली. एक.

"अरे बोल, मुडद्या, बोल!" बापू पायरीवरून कुजबुजत होता.

गणूने दुसऱ्या हाताने डोळ्यांवरचं उपरणं ओढून काढलं आणि साहेबांच्या तोंडाकडे बघितलं. मनगट सोडलं नाही. इंग्रजी कुठल्या कुठे गेली.

"सायेब, आधी खाली बसा तुमी."

"नाव!"

"ठोका चुकतोय, सायेब. मधीच गायब व्हतोय. हात गार पडलाय तुमचा, घाम बी हाय."

"मिस्टर पाटील, ही दुसरी घंटा आहे." आणि साहेबांनी ती मारली.

"मारा. शून्य द्या मला," गणू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पन बसा, सायेब. पाया पडतो तुमच्या."

साहेब काहीतरी बोलायला गेले आणि त्यांचा तोलच गेला. गणूने पाठीला हात लावून त्यांना आरामखुर्चीत निजवलं, कॉलर सोडली. आम्ही आत धावलो. बापूने पाणी आणलं, मी खिडक्या उघडल्या. साहेबांचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला होता. गणू खुर्चीशेजारी जमिनीवर बसून होता, बोटं मनगटावर, ओठांनी ठोके मोजत. हळूहळू साहेबांच्या ओठांवर रंग आला.

मोघे दारापाशी कागद घेऊन उभे होते. इमानी माणूस! अडखळत म्हणाले, "साहेब, दुसरी घंटा झाली होती. उत्तर आलं नाही. काय लिहू?"

"शून्य," साहेब म्हणाले.

गणूने मान खाली घातली. बोटं मात्र तिथंच होती.

"माझ्या नावावर, मोघे."

मग साहेबांनी डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि डॉक्टर, इतक्यात हात सोडू नका."